ओकलंड मळ्याची प्रतिकृती : कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४

गॅरेजमधलं टेबल रिकामं केलं. पुढचं काम ठरलं: लुइझियानातला केन नदीकाठचा ओकलंड कापूसमळा, मोठं घर आणि भोवतालच्या सगळ्या इमारतींसकट. ह्यूस्टनहून गाडीनं साडेचार तासांवर, नॅकटिश गावाच्या खालच्या अंगाला.

हाच का, ते लिहून ठेवतो. दक्षिणेत मळ्यांची घरं पैशाला पासरी आहेत. पांढरे खांब, समोर ओकची झाडं, शनिवारी लग्नाची फोटोग्राफी. पण बहुतेक ठिकाणी घर तेवढं उरलंय आणि बाकीचं सगळं नांगराखाली गेलंय. ओकलंडला कबुतरखाने, खुराडी, खेचरांचा गोठा, बग्गीची शेड, सुताराची शेड, मुकादमाचं घर, डॉक्टरांचं घर, दुकान अशा वीसहून जास्त जुन्या इमारती जागच्या जागी उभ्या आहेत. प्रुदोम कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलं आणि त्यांनी फारसं काही पाडलं नाही. १९९४ साली केंद्र सरकारनं केन रिव्हर क्रिओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन केलं. (क्रिओल म्हणजे फ्रेंच-स्पॅनिश राजवटीत लुइझियानातच जन्मलेले लोक आणि त्यांची संस्कृती.) ओकलंड हा त्याचा एक भाग, मॅग्नोलिया नावाचा मळा दुसरा.

दुसरं कारण घरचं. आमचं गाव अकोला जिल्ह्यात. बाकी काही कळो न कळो, कापूस कळतो.

नकाशांची अडचण नाही. १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावं म्हणून हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे सुरू झाला. सगळे त्याला हॅब्स म्हणतात. तेव्हापासूनचे मोजणी-नकाशे, फोटो आणि टिपणं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. रात्री दीडपर्यंत तेच उतरवत बसलो.

२१ जानेवारी

इमारतींची यादी करायला घेतली आणि पहिल्याच तासात अडलो. कोणतं साल दाखवायचं?

घर १८२१ चं. जमीन त्याच्याही आधीची, म्हणजे ज्याँ पिएर इमॅन्युएल प्रुदोमला १७८९ मध्ये, लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना मिळालेली. तेव्हा इथं नीळ आणि तंबाखू पिकायची, कापूस नंतरचा. दुकान मात्र यादवी युद्धानंतरचं (१८६१-६५). म्हणजे १८६० साल धरलं तर दुकान नाही. गुरांना औषधाच्या पाण्यातून काढायचा हौद विसाव्या शतकातला, तोही गेला. आज ज्याला खेचरांचा गोठा म्हणतात ती इमारत मुळात मांस धुरी देऊन टिकवण्यासाठी बांधलेली, गोठा म्हणून नंतर वापरात आली. मग १८६० ला तिथं खेचरं दाखवायची की टांगलेलं मांस? आणि १८६० साल धरलं तर गुलामांच्या झोपड्यांची पूर्ण वस्ती हवी. आज त्यातल्या दोनच उभ्या आहेत.

नावसुद्धा सालाप्रमाणे बदलतं. युद्धापूर्वी हा मळा बर्म्युडा. युद्धानंतर भावांत वाटणी झाली, तेव्हा एका हिश्श्याचं नाव ओकलंड पडलं.

तूर्त निर्णय: आज जे उभं आहे ते करायचं. एकाच वर्षाचं चित्र काढायला गेलं की प्रत्येक इमारतीत थोडी थोडी थाप मारावी लागते.

३ फेब्रुवारी

आज प्रमाणाचा निकाल लागला. बराच वेळ गेला, पण हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं ठरणार असं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे आठ बाय चार फुटांचं एक प्लायवुड आहे. त्याहून मोठं टेबल गॅरेजमध्ये मावत नाही आणि नंतर हे जिथं ठेवायचं त्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाच्या दारातून आतही जाणार नाही. एक फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे १:९६, असं धरलं तर या पाटावर ७६८ बाय ३८४ फूट जमीन बसते. त्यात मोठं घर ऐटीत बसतं. पडवीचे कठडे, खिडक्यांची फळकुटं, पायऱ्या, सगळं कोरता येतं. जवळचे कबुतरखाने आणि दोन-चार शेडही येतात. राहिलेल्या दोन झोपड्या मात्र पाटाच्या बाहेर पडतात. त्या घराजवळ नाहीतच. त्या घरातून दिसू नयेत इतक्या लांब आणि तरी हाकेच्या टप्प्यात राहाव्यात, अशीच ही मांडणी असायची.

प्रमाण निम्मं केलं, १:१९२, तर १५३६ बाय ७६८ फूट बसतात. झोपड्या आत येतात. पण माणूस नऊ मिलिमीटरचा होतो, पडवीचा खांब जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि कठड्याची दांडी तर कापताच येत नाही.

मॉडेलचा शौक असलेल्या एका मित्राला फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, १:९६ ठेव, लोक घर बघायला येतात, झोपड्यांचा वेगळा छोटा पाट कर. बाजूला, खाली. मला तेच नको आहे. मळ्याच्या घरांची पुस्तकं आणि सहली आजवर असंच करत आल्या. तपशील घराला, आणि राबणाऱ्यांना तळटीप.

१:१९२.

१० फेब्रुवारी

पाट. खाली दोन बाय दोन इंची लाकडाची चौकट, वर प्लायवुड, वर अर्ध्या इंचाचा फोम. नदीकडची बाजू किंचित उंच ठेवली. या मुलखात नदीच गाळ टाकून काठ उंच करत जाते आणि मागची जमीन खोलगट, चिबड राहते. घरं म्हणून नेहमी काठावर. केन नदी हा एके काळी रेड नदीचाच मुख्य प्रवाह होता. नदीनं वाट बदलली आणि मागे हे लांबट तळं उरलं.

फ्रेंच पद्धतीच्या वाटणीत प्रत्येकाला नदीला काटकोनात लांबच लांब पट्टा मिळायचा, रुंदी कमी आणि खोली जास्त, म्हणजे प्रत्येकाला थोडा काठ, थोडी चांगली जमीन, थोडं रान. आमच्याकडच्या वाटण्यांत बांधावरून डोकी फुटतात. इथं निदान पाण्यावरून फुटत नसावीत.

१८ फेब्रुवारी

मोठं घर उभं केलं. बासवुडच्या पातळ पट्ट्या, छपराला कार्ड.

क्रिओल घराची रचना समजली की बांधायला सोपं. विटांच्या खांबांवर घर उचलून धरलेलं, खाली तळघरासारखी जागा, वर राहतं घर, भोवती पडवी, आणि पडवीवर उतरणारं मोठं छप्पर. पुराचं पाणी खालून जातं, वारा खालून खेळतो, दक्षिणेचा पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. मूळ क्रिओल आराखड्यात आत बोळ नसतो. खोलीतून खोलीत, किंवा खोलीतून पडवीत. बोळाची हौस इंग्रजी वळणाच्या घरांची.

कठड्याचा प्रश्न सुटला. पारदर्शक फिल्मवर लेझर प्रिंटरनं कठडा छापला आणि कापून चिकटवला. हातभर अंतरावरून खरा वाटतो. जवळून बघणाऱ्यांनी बघू नये.

२ मार्च

मुख्य पाटाचं काम बाजूला ठेवून भिंतीचा एक वेगळा नमुना केला, मोठ्या प्रमाणात, कारण या घराचं खरं मर्म भिंतीत आहे आणि १:१९२ मध्ये ते पांढऱ्या रंगाखाली गडप होतं.

घर पांढरं दिसतं म्हणून चिरेबंदी वाटतं. आहे मातीचं. सायप्रसच्या लाकडाचा सांगाडा. हे झाड दलदलीत वाढतं आणि त्याचा गाभा सहसा कुजत नाही. दोन खांबांच्या मध्ये आडव्या काठ्या ठोकून बसवलेल्या. त्या काठ्यांवर माती आणि स्पॅनिश मॉस एकत्र तुडवून केलेले लगदे टांगायचे, दाबत दाबत भिंत भरायची, वाळली की वर चुन्याचा गिलावा. याला तिथं बूझियाज म्हणतात. स्पॅनिश मॉस म्हणजे ओकच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं ते करडं. नावाला शेवाळ, पण शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती. ती आधी कुजवावी लागते. वरची साल गळून गेली की आत काळा, चिवट धागा राहतो. तो मातीला तडकू देत नाही.

आमच्या आजोळच्या घराच्या मागच्या भिंती कुडाच्या होत्या. तुराट्या आणि पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. कापूस वेचून झाला की शेतात उरलेली पऱ्हाटी एक तर चुलीत जायची, नाही तर भिंतीत. केन नदीकाठी कापूस ढिगानं होता, पण भिंतीत ते मॉसच घालत. पऱ्हाटीचा कूड कितीही जाड केला तरी वजन पेलत नाही, त्याला सांगाडा वेगळा लागतो. बूझियाजलाही तसाच. म्हणजे दोन्हीकडे भार लाकडावर आणि माती फक्त आडोसा धरते. फरक छपराच्या रुंदीत आहे. पडवी रुंद असेल तर मातीची भिंत दोनशे वर्षं टिकते. आमच्या आजोळी वळचण वीतभर होती, दर दिवाळीआधी लिंपण.

नमुन्यासाठी बागेतली माती, आणि मॉसऐवजी नारळाच्या काथ्याचे तुकडे. पहिला थर रात्रीत तडकला. काथ्या दुप्पट केला, आता बरा बसलाय. मुलीनं विचारलं, बाबा, हे पायांनी तुडवायचं कोण? हाच प्रश्न लेबलवर यायला हवा. माती तुडवणारे, विटा भाजणारे, सायप्रस तासणारे गुलाम होते. घराचं साल सगळे सांगतात, हे क्वचित.

१६ मार्च

मुलीला सुट्टी लागली म्हणून सगळेच गेलो. दिवसभर वही आणि टेप घेऊन हिंडलो. सरकारी कर्मचाऱ्यांनी कुठंही हटकलं नाही. एकानं तर टेपचं दुसरं टोक धरलं.

पाटासाठी कामाच्या गोष्टी:

रस्त्यापासून घरापर्यंत लाइव्ह ओकची दुहेरी रांग. हा ओक हिवाळ्यात उघडा पडत नाही. जुनी पानं वसंतात गळतात आणि त्याच वेळी नवी येतात, त्यामुळे मार्चमध्ये खाली पाचोळा आणि वर पोपटी. पाटावर हाच महिना दाखवायचा, ठरलं.

घरापुढच्या बागेतल्या वाफ्यांच्या कडा बाटल्यांच्या आहेत. रिकाम्या बाटल्या उलट्या करून जमिनीत रोवलेल्या. १:१९२ मध्ये बाटली म्हणजे ठिपका. हिरव्या-तपकिरी रंगाचे ठिपके सुईच्या टोकानं देणार.

कुंपण उभ्या, चिरलेल्या सायप्रसच्या दांड्यांचं. एकेक दांडी जमिनीत गाडलेली. त्याला पियू म्हणतात. किती लाकूड आणि किती हात लागले असतील त्याचा अंदाज पाटावर कुंपण लावतानाच येईल.

एका गोष्टीपाशी बराच वेळ थांबलो: विहीर पाडायची लोखंडी हत्यारं, सॉलोमन विल्यम्स नावाच्या लोहारानं घडवलेली. तो इथं गुलाम होता. या मळ्यावरच्या शंभराहून जास्त गुलामांपैकी ज्यांचं नाव आणि ज्यांच्या हातचं काम दोन्ही एकत्र दाखवता येतं, असे फार थोडे.

मग चालत झोपड्यांपर्यंत गेलो. हे अंतर नकाशात वाचणं वेगळं आणि चालणं वेगळं. तिथं उभं राहिलं की मोठं घर झाडीआड जातं. भिंती इथंही बूझियाजच्या, वरून फळ्या मारलेल्या. गुलामगिरी संपल्यावर त्याच झोपड्यांत त्याच लोकांची मुलं-नातवंडं कुळं म्हणून राहिली. यंत्रं आली आणि वेचणीला माणसं लागेनाशी झाली, तेव्हा कुठं त्या रिकाम्या पडल्या.

१७ मार्च

मॅग्नोलिया. इथलं मोठं घर १८६४ मध्ये, रेड नदीच्या मोहिमेतून माघार घेणाऱ्या उत्तरेच्या फौजेनं जाळलं. आताचं नंतर बांधलेलं. ते खाजगी आहे, उद्यानात येत नाही. म्हणजे इथं मोठ्या घरात जायला मिळत नाही, फक्त बाकीच्या मळ्यावर हिंडता येतं. मला तर ही आदर्श सोय वाटली.

विटांच्या आठ झोपड्या ओळींनी उभ्या आहेत. प्रत्येकीत दोन खोल्या, मध्ये सामाईक धुराडं, एका खोलीत एक कुटुंब. पुढं कुळांच्या काळात मधून दार पाडून दोन्ही खोल्या एका कुटुंबाला मिळाल्या. ओकलंडच्या मातीच्या झोपड्या दोन सोडून गेल्या आणि मॅग्नोलियाच्या विटांच्या आठ राहिल्या, याचं कारण साधं आहे. मातीच्या घरात कुणी राहत असेल तोवरच ते घर. छप्पर गळायला लागलं आणि लिंपणारं कुणी नसलं की चार पावसाळ्यांत ढिगारा. ओकलंडचं मोठं घरही मातीचंच, पण त्याच्या छपरावर कायम कुणाचं तरी लक्ष होतं.

जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायची, इमारत बघून मात्र बोलतीच बंद झाली. आत लाकडी स्क्रूचा दाबयंत्राचा सांगाडा. भलामोठा लाकडी स्क्रू, त्याला लांब दांडे, दांड्यांना खेचरं जुंपून गोल फिरवायची, स्क्रू खाली उतरतो आणि रुई दाबली जाते. त्याच छपराखाली नंतरच्या काळाची लोखंडी जिनिंग-यंत्रं. फोटो काढून लगेच अकोल्याला पाठवले.

१९ मार्च

काकांचा फोन. काकांनी उभी हयात खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काढली.

"कारे, बैल नाही, खेचरं?"

"खेचरं, काका. गोल फिरायची."

"म्हंजे घान्यावानी. बरं, गासडी केवढ्याची?"

म्हटलं, आताची अमेरिकन गासडी ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलो.

"दोनशे अठरा? मंग ते उचलते कोन? आपली एकशेसत्तरचीच कंबर मोडते." थोडं थांबून: "सरकी कुठं ठेवत? ओली सरकी ढिगात तापते, सांगून ठेव त्याईले."

त्याईले सांगून आता काही उपयोग नाही. पण पाटाच्या कोपऱ्यात मॅग्नोलियाच्या दाबयंत्राची छोटी वेगळी प्रतिकृती ठेवायची, हे काकांमुळे पक्कं झालं. मळ्याच्या मोठ्या घराबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

२४ मार्च

स्क्रूसाठी सहा मिलिमीटरच्या दांड्यावर दोरा गुंडाळून आटे काढले, वर पातळ फेविकॉल. छान जमलं.

होळीमुळे काम कमी, वाचन जास्त. पाटाशेजारी लावायच्या फलकासाठी एक मजकूर लिहितोय. ग्रंथालयात येणारा माणूस विचारणारच की लुइझियानाचा मळा आपल्या मंडळात कशाला. त्याचं उत्तर:

आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हातानं सोडवायला दिवस जायचा. एली व्हिटनीच्या जिनचं पेटंट १७९४ चं. त्यानंतर दक्षिणेत नीळ-तंबाखू मागे पडून कापूस पसरला, आणि कापसासोबत गुलामगिरीही पश्चिमेला सरकत गेली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालू लागल्या. त्यावर फार विसंबणं बरं नव्हे, म्हणून १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनं मिसिसिपी खोऱ्यातले काही मळेवाले पगारी नेमून हिंदुस्थानात आणले. बहुतेक ठिकाणी त्यांची डाळ शिजली नाही. धारवाडकडे मात्र तो वाण रुजला आणि धारवाड-अमेरिकन नावानं राहिला. मग १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि केन नदीचा कापूस नदीकाठीच पडून राहिला किंवा जळाला. इकडं मुंबईत कापसाला सोन्याचा भाव. पैसा इतका आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं आणि फुगा फुटला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होतंच. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला फाटा आला. तोवर ज्वारीच्या रानात कापूस शिरून बसला होता. भाव उतरले, सावकार राहिले.

काकांची जिनिंग आणि मॅग्नोलियाचा स्क्रू एकाच बाजाराची दोन टोकं आहेत. फलकावर एवढं पुरे.

६ एप्रिल

दोन्ही कबुतरखाने, खुराडी, बग्गीची शेड, सुताराची शेड. लहान इमारती पटापट होतात. कबुतरखाना म्हणजे चौकोनी मनोरा, वर भोकं. कबुतराची पिल्लं पानात, विष्ठा खतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरमालकाचा थाट समोरूनच दिसावा अशी जागा. घराच्या दर्शनी भागाला हे जोडीनं उभे.

पियूचं कुंपण चालू. टूथपिक उभी चिरून पुन्हा चिरायची, आठ मिलिमीटरचे तुकडे करायचे, एकेक उभा चिकटवायचा. संध्याकाळभरात वीतभर झालं. बायको म्हणाली, छापून का नाही चिकटवत कठड्यासारखं? नाही. कठडा छापला, कुंपण नाही छापणार.

९ एप्रिल

पाडवा. गुढी, श्रीखंड, काम बंद. मॅग्नोलियाच्या स्क्रूला मात्र खेचरं जुंपून टाकली.

२० एप्रिल

दुकान. लाकडी, साधं, समोर ओटा. गुलामगिरी १८६५ ला कायद्यानं संपली, पण जमीन होती त्यांचीच राहिली. सुटलेल्या लोकांकडे हात होते, बियाणं नव्हतं, खेचर नव्हतं, हंगामापर्यंत खायला नव्हतं. मग बटई. मालकाची जमीन, मालकाचं खेचर, मालकाच्या दुकानातून उधारीवर पीठ, कापड, औषध, आणि हंगामाला कापूस मालकाच्या जिनमध्ये. हिशोबाची वही मालकाच्या गल्ल्यावर. वऱ्हाडात ज्यानं बटई किंवा ठोका बघितलाय त्याला वहीत काय निघत असेल ते सांगायची गरज नाही. हे दुकान १९८० च्या दशकापर्यंत चालू होतं.

म्हणून दुकानाला मी पाटावर मोठ्या घराइतकाच तपशील दिला. मळा शंभर वर्षं चाबकाऐवजी वहीवर कसा चालला, ते या ओट्यावर उभं राहून कळतं. माझ्या मते ओकलंडची सगळ्यात बोलकी इमारत हीच, मोठं घर नव्हे.

गुरांचा हौदही झाला. १९०६ नंतर गोचिडताप मोडून काढायला सरकारनं सक्तीनं गुरं सोमलाच्या पाण्यातून काढायला लावली, त्यासाठीचे हे अरुंद, खोल हौद. एका बाजूनं जनावर उडी मारतं, दुसऱ्या बाजूनं चढून येतं. याच सुमारास कापसावर टेक्सासकडून सोंडकिडा आला. आपली बोंडअळी वेगळी, ती पतंगाची अळी आणि हा सोंड असलेला भुंगेरा. पण शेतकऱ्याच्या तोंडाला पान दोघंही सारखंच पुसतात.

४ मे

शेत. नांगरटीसाठी जाड कॉर्डरॉयचं जुनं जाकीट फाडलं. कापसाच्या दोन ओळींतलं अंतर चाळीस इंच धरलं तर १:१९२ मध्ये पाच मिलिमीटरच्या वर थोडं येतं, आणि कॉर्डरॉयच्या रेघा जवळपास तितक्याच निघाल्या. वर पातळ फेविकॉल आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली माती. इथली माती रेड नदीच्या गाळाची, तांबूस. हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो, तो आवरला.

झाडं तांब्याची तार पिळून. लाइव्ह ओक उंच कमी, पसरतो जास्त. फांद्या आडव्या ओढायच्या, टोकं खाली. स्पॅनिश मॉससाठी भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्याचे तंतू करड्या रंगात बुडवून. झाडं चालू आहेत, बरीच बाकी.

१८ मे

नसलेल्या झोपड्या.

उभ्या आहेत त्या दोन बसवल्या. आता त्यांच्या आजूबाजूला काय करायचं? गवत लावलं तर पाट म्हणतो इथं कधी काही नव्हतं. दोन झोपड्या एवढ्याशा, मागं हिरवळ, वर झाड, सुट्टीचं घर वाटतं. उलट, त्या दोघींच्या नकला करून ओळ पूर्ण केली तर मी माझ्या मनानं घरं बांधली असं होईल. २१ जानेवारीला ठरवलं होतं की आज जे उभं आहे तेच करायचं.

शेवटी वस्तीच्या पट्ट्यावरचा फोम कापून काढला. खालचं प्लायवुड तसंच उघडं ठेवलं. रंग नाही, माती नाही, गवत नाही. दोन झोपड्या त्या उघड्या लाकडावर उभ्या आहेत. बाकी पाट रंगलेला आणि एवढाच पट्टा कोरा, त्यामुळे नजर तिकडंच जाते.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे अर्धवट राहिल्यासारखं वाटतंय." मित्रही फोटो बघून तेच म्हणाला. राहू दे.

आणखी एक बदल. आजवर पाटाची नदीकडची बाजू माझ्याकडे असायची, म्हणजे ओकची रांग आणि तिच्या टोकाला घर. पाहुणा तिथूनच यायचा. ग्रंथालयात पाट भिंतीला लागणार, एकच बाजू लोकांकडे. ती वस्तीची बाजू ठेवायची. घर मागं, झाडीतून जेवढं दिसेल तेवढं.

१ जून

लेबलं लिहिली, मराठी आणि इंग्रजी. मोठ्या घराचं: "१८२१. मालक: ज्याँ पिएर इमॅन्युएल प्रुदोम. बांधणारे: मळ्यावरचे गुलाम. भिंती माती आणि मॉसच्या." दुकानाचं: "यादवी युद्धानंतर. बटईदारांची उधारी इथं मांडली जाई." लोहाराच्या कामाला स्वतंत्र लेबल, सॉलोमन विल्यम्सच्या नावानं. कोऱ्या पट्ट्याचं लेबल तीनदा लिहून खोडलं. आता नुसतं: "वस्ती. दोन घरं उरली."

मंडळाच्या कार्यकारिणीतल्या एका काकूंनी येऊन बघितलं. त्यांना बाटल्यांचे वाफे फार आवडले. मग वाकून वस्तीकडं बघत म्हणाल्या, "इथं गवत लावायचं राहिलंय का?" म्हटलं, लेबल वाचा. त्यांनी वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि विचारलं की किती लोक राहायचे. शंभराहून जास्त, म्हटलं. "आणि त्या घरात?" एक कुटुंब.

बाकी कामं: ओकची उरलेली झाडं, कुंपणाची मागची बाजू, दाबयंत्रावर काच, पाट दोन तुकड्यांत कापून बिजागऱ्या लावायच्या, कारण मोजलं तर ग्रंथालयाचं दार तरीही दोन इंच कमी पडतंय. कापायची रेघ शेतातून न्यायची, वस्तीतून नाही. काकांना फोटो पाठवायचे. सरकी कुठं ठेवली ते विचारतीलच.